प्रोग्रॅमचा वेग की प्रोग्रॅमरचा वेळ: भाषा निवडण्यापूर्वीचा हिशेब

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या मशीन शॉपमध्ये नवीन जॉबची चौकशी आली, की मालकाचा पहिला प्रश्न ‘नग किती?’ हाच असतो. दहा नग असतील तर साध्या लेथवर, हाताशी असलेल्या टूलवर काम उरकले जाते. दहा हजार नग असतील तर वेगळे फिक्स्चर (नग जागेवर पक्का धरणारी चौकट) तयार करण्यात एक आठवडा गेला तरी कोणी कुरकुर करत नाही, कारण प्रत्येक नगामागे वीस सेकंद वाचले तरी एकूण पंचावन्न तासांहून अधिक वेळ वाचतो आणि तो आठवडा भरून निघतो. फौंड्रीतही हाच हिशेब चालतो. मोजक्या कास्टिंगसाठी (ओतीव नगांसाठी) लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा उठवण्याचा नमुना, पुरतो, तर वर्षानुवर्षे चालणाऱ्या मोठ्या लॉटसाठी धातूचा पॅटर्न करून घेतात. सेटिंगचा वेळ (सुरुवातीच्या तयारीचा) आणि सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) यांचा मेळ नगांच्या संख्येवर बसतो, हे या गावात वेगळे शिकवावे लागत नाही.

प्रोग्रॅमिंग भाषा निवडताना मात्र हा प्रश्न विचारला जात नाही, याचे मला फार वाईट वाटते. सॉफ्टवेअरमध्ये सेटिंगचा वेळ म्हणजे प्रोग्रॅम लिहिणे, तपासणे, ग्राहकाकडे बसवणे आणि पुढची पाच-सात वर्षे सांभाळणे. सायकल टाइम म्हणजे तो प्रोग्रॅम एकदा चालायला लागणारा वेळ. पायथॉन, रुबी, पीएचपी यांसारख्या भाषांत सेटिंग लवकर होते, सी, सी++ आणि रस्ट यांत सायकल टाइम कमी बसतो, आणि जावा, सी शार्प, गो या भाषा मधल्या पट्ट्यात येतात. एवढे प्रत्येकाला ठाऊक असते, तरीही कोणी कॉलेजात शिकलेली भाषा म्हणून जावा धरतो, तर कोणी वेगाच्या तक्त्यात रस्ट वर दिसते म्हणून तिच्यामागे लागतो. फौंड्री, साखर कारखाने, दूध संस्था आणि मार्केट यार्डातील व्यापारी यांच्यासाठी काम करणाऱ्या दोन ते दहा माणसांच्या गटांनी हा निर्णय कसा घ्यावा, याची रीत पुढे दिली आहे.

आधी नग मोजावेत

तीन आकडे कागदावर लिहावेत: प्रोग्रॅम दिवसातून किती वेळा चालणार, किती ठिकाणी चालणार आणि तो चालत असताना कोण थांबून राहणार. यांतला तिसरा आकडा बहुतेक वेळा राहून जातो आणि निर्णय बहुतेक वेळा त्यावरच फिरतो.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी दर तासाला नोंदवून ती ३९ फुटांच्या इशारा पातळीला किंवा ४३ फुटांच्या धोका पातळीला पोहोचताच लोकांना संदेश पाठवणारा प्रोग्रॅम लिहायचा आहे, असे समजू. तो दिवसातून २४ वेळा, एकाच ठिकाणी चालणार. पायथॉनमध्ये त्याला चार सेकंद लागले तरी त्यातला बहुतेक वेळ संदेश पाठवणाऱ्या सेवेच्या उत्तराची वाट पाहण्यातच जाणार, आणि नदीचे पाणी काही चार सेकंदांत चढत नाही. उलट २०१९ मध्ये पातळी ५५ फुटांवर गेली तशी एखादी रात्र पुन्हा आली आणि ‘प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या लोकांना इतरांच्या आधी संदेश गेला पाहिजे’ अशी मागणी झाली, तर तो बदल तासाभरात, चूक न होता आणि मूळ प्रोग्रॅम लिहिणारा माणूस जागेवर नसतानाही करता आला पाहिजे. येथे प्रोग्रॅमरचा वेळच सर्व काही आहे, त्यामुळे वाचायला सोपी भाषा घ्यावी आणि वेगाचा विचार सोडून द्यावा.

आता दुसरे टोक पाहू. कास्टिंग तपासणाऱ्या कॅमेऱ्याखालून दर तीन सेकंदांनी एक नग जातो. प्रोग्रॅमने तीन सेकंदांच्या आत ‘ठीक’ किंवा ‘रिजेक्ट’ असा निर्णय दिला नाही, तर पट्टा थांबवावा लागतो, आणि पट्टा थांबला की त्याच्यामागची सगळी माणसे थांबतात. येथे तीन सेकंद ही अट आहे. ती पाळली जात असेल तर त्याहून दहापट वेगाने कोणाचाच फायदा होत नाही, आणि पाळली जात नसेल तर बाकी सगळे गुण वाया जातात. म्हणून अशा कामात ‘जितका वेगवान तितका चांगला’ असे न म्हणता, किती वेळात उत्तर मिळाले म्हणजे पुरे, हा आकडा ग्राहकाकडून लिहून घ्यावा.

या दोन टोकांच्या मधल्या कामांसाठी सरळ गणित करता येते. एका कार्यालयातील कारकुनाला रोज एका अहवालासाठी वीस मिनिटे थांबावे लागते आणि प्रोग्रॅम वेगवान भाषेत पुन्हा लिहिला तर तो एका मिनिटात होईल, असे धरू. महिन्याच्या २५ कामाच्या दिवसांत ४७५ मिनिटे, म्हणजे सुमारे आठ तास वाचतात. पुनर्लेखनाला १६० तास लागणार असतील, तर ते भरून यायला वीस महिने जातील, आणि तोवर अहवालाचा नमुना दोनदा बदललेला असेल. पण तोच प्रोग्रॅम साठ कार्यालयांत चालत असेल, तर महिन्याला सुमारे ४७५ तास वाचतात आणि पुनर्लेखनाचा खर्च दहा-अकरा दिवसांत वसूल होतो. आणि अहवाल रात्री दोन वाजता आपोआप चालत असेल व सकाळी दहाला लागत असेल, तर वाचलेल्या मानवी वेळाचा आकडा शून्य आहे, मग कार्यालये साठ असोत की सहाशे. प्रोग्रॅम तोच आणि भाषाही तीच, तरी उत्तरे तीन निघतात. ‘कोणती भाषा चांगली’ हा प्रश्न नुसता विचारला तर त्याला उत्तर नसते, ते यामुळे.

वेळ कुठे जातो ते पाहावे

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका दूध संस्थेच्या बिलाच्या प्रोग्रॅमबद्दल तक्रार आली. प्रोग्रॅम आमचाच, पायथॉनमध्ये लिहिलेला. संस्थेचे सुमारे सहाशे उत्पादक, सकाळ-संध्याकाळ दोन वेळचे संकलन आणि दर दहा दिवसांनी बिल, म्हणजे एका बिलामागे बारा हजार नोंदी. प्रत्येक नोंदीत लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ). दरपत्रकातून दर काढायचा, गुणाकार करायचा आणि उत्पादकाच्या खात्यावर टाकायचा. सचिव फोनवर म्हणाले, “चहा पिऊन आलो, तरी अजून फिरायलंय बघा.” आमच्यातील एका सहकाऱ्याने त्याच दुपारी गो भाषेत पुनर्लेखनाचा प्रस्ताव मांडला, आणि पायथॉन मंद असते हे आम्हा सर्वांना माहीत असल्यामुळे तो पटलाही.

सुदैवाने त्याआधी आम्ही मोजले. पायथॉनसोबत मिळणारे, प्रोग्रॅमच्या कोणत्या भागात किती वेळ जातो ते दाखवणारे सीप्रोफाइल हे साधन लावून प्रोग्रॅम चालवला, तेव्हा असे दिसले की प्रत्येक नोंदीसाठी दर काढताना प्रोग्रॅम डेटाबेसला वेगळी विचारणा करत होता आणि डेटाबेस होता मुंबईतील क्लाउड सर्व्हरवर. कोल्हापूर ते मुंबई अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास धरले आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो हे लक्षात घेतले, तर नुसत्या जाण्या-येण्यालाच चार मिलिसेकंद लागतात, आणि मधल्या राउटरांमुळे प्रत्यक्षात ते दहाच्या घरात जातात. बारा हजार विचारणा गुणिले दहा मिलिसेकंद म्हणजे १२० सेकंद. पायथॉनचा स्वतःचा हिशेब एका नोंदीला वीस मायक्रोसेकंद धरला, तर बारा हजार नोंदींचा तो पाव सेकंदही होत नाही. भाषा पन्नासपट वेगवान घेतली असती, तर १२०.२४ सेकंदांचे १२०.००५ सेकंद झाले असते आणि सचिवांचा चहा तसाच लांबला असता. आम्ही संपूर्ण दरपत्रक सुरुवातीला एकाच विचारणेत मागवून मेमरीत ठेवले, नोंदीही एकदमच मागवल्या, आणि बिल एका सेकंदाच्या आत येऊ लागले. काम एका दुपारचे होते. ही चूक भाषेची नव्हती, आमची होती, आणि गो भाषेत तीच रचना उतरवली असती तर ती चूकही तिच्याबरोबर उतरली असती.

म्हणून मोजण्याआधी भाषा बदलण्याची चर्चाच करू नये. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी १९७१ मध्ये फोर्ट्रान या जुन्या भाषेतल्या प्रोग्रॅमांच्या नमुन्यांचा अभ्यास करून दाखवले होते, की साधारणपणे प्रोग्रॅमच्या चार टक्क्यांहून कमी भागात त्याचा निम्म्याहून अधिक वेळ जातो. तो चार टक्के भाग कोणता, याबद्दलचा आपला अंदाज मात्र फार वेळा चुकतो. दूध संस्थेच्या बाबतीत आमच्या गटातील एकानेही दरपत्रकाचे नाव घेतले नव्हते.

मोजण्याची सुरुवात अगदी साधी असू शकते. लिनक्सवर प्रोग्रॅमच्या आधी ‘टाइम’ ही आज्ञा लिहिली, की घड्याळाचा वेळ आणि प्रोसेसरने खरोखर काम केलेला वेळ असे दोन्ही आकडे मिळतात. घड्याळ १२० सेकंद दाखवते आणि प्रोसेसर एक सेकंद, तर प्रोग्रॅम डेटाबेसची, डिस्कची किंवा नेटवर्कची वाट पाहत बसला आहे, आणि भाषा बदलून वाट पाहणे कमी होत नाही. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील, तर काम प्रोसेसरवर अडले आहे आणि पुढचा विचार करण्यात अर्थ आहे. त्यानंतर सीप्रोफाइल, चालू प्रोग्रॅम न थांबवता आत डोकावणारे पाय-स्पाय, लिनक्सचे पर्फ आणि डेटाबेसला विचारणा कशी पार पाडणार ते सांगायला लावणारी एक्सप्लेन ही आज्ञा वापरावी. मोजमाप मात्र ग्राहकाच्या संगणकावर करावे. आपल्या टेबलावरच्या नव्या लॅपटॉपवर जे तीन सेकंदांत होते, ते संस्थेच्या कार्यालयातील चार जीबी मेमरीच्या, जुन्या हार्ड डिस्कच्या संगणकावर तीन मिनिटे घेऊ शकते.

भाषा बदलण्याआधीचे उपाय

काम प्रोसेसरवरच अडले आहे हे कळल्यावरही पहिला उपाय म्हणजे कामाची पद्धत तपासणे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या ५०,००० पावत्या तोडणी-वाहतुकीच्या तितक्याच नोंदींशी जुळवायच्या आहेत, असे धरू. प्रत्येक पावतीसाठी यादी वरून खाली चाळत गेलो, तर सरासरी २५,००० तुलना होतात, म्हणजे एकूण १२५ कोटी. नोंदी आधी डिक्शनरीत (क्रमांक दिला की नोंद थेट सापडते अशा रचनेत) भरून घेतल्या, तर तितक्याच पावत्यांना जवळपास ५०,००० शोध पुरतात. चाळण्याची पद्धत सी भाषेत नेली तरी तुलना १२५ कोटीच राहतात, आणि हंगामात पावत्या दुप्पट झाल्या की त्या चौपट होतात.

पद्धत योग्य असूनही वेळ जात असेल, तर पायथॉन मंद का, हे नीट समजून घ्यावे, कारण उपाय त्यातच आहे. नेहमीच्या पायथॉनमध्ये एक छोटा पूर्णांकसुद्धा २८ बाइटांची स्वतंत्र वस्तू असतो, आणि प्रत्येक बेरजेआधी ‘हे दोन्ही कोणत्या प्रकारचे आहेत’ याची तपासणी चालते. सी भाषेत तोच आकडा एक ते आठ बाइटांत मावतो आणि प्रकार आधीच ठरलेला असल्यामुळे प्रोसेसर थेट बेरीज करतो. कास्टिंगचा १९२० गुणिले १०८० बिंदूंचा एक फोटो म्हणजे २०,७३,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूवर पायथॉनच्या लूपमधून (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागातून) पाच-दहा साध्या क्रिया केल्या, तर सेकंद-दोन सेकंद सहज जातात आणि आपली तीन सेकंदांची अट धोक्यात येते. पण हाच हिशेब नमपाय (आकडेमोडीचे तयार ग्रंथालय, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या कोडचा संच) याच्या एका ओळीत किंवा ओपनसीव्ही (चित्रांवरच्या कामाचे ग्रंथालय) याच्या फंक्शनमध्ये लिहिला, तर आतले काम सी आणि सी++ मध्ये लिहिलेल्या कोडकडे जाते आणि मिलिसेकंदांत संपते. लूप पायथॉनमधून बाहेर काढला, की बाकीचा नव्वद टक्के प्रोग्रॅम, म्हणजे कॅमेरा सुरू करणे, नोंद ठेवणे, पडद्यावर दाखवणे, हे सगळे सोप्या भाषेत राहू शकते. ज्या कामासाठी असे तयार ग्रंथालय नाही, तेथे नंबा किंवा सायथॉन ही साधने वापरून तेवढेच एक फंक्शन यंत्रभाषेत उतरवता येते.

फेसबुकनेही याच दिशेचा मार्ग धरला होता. त्यांच्याकडे पीएचपीचा प्रचंड कोड होता आणि तो जाणणारे शेकडो प्रोग्रॅमर होते, म्हणून त्यांनी सगळे पुन्हा लिहिण्याऐवजी पीएचपीचे सी++ मध्ये रूपांतर करणारे हिपहॉप हे साधन तयार करून २०१० मध्ये जाहीर केले. एवढी मोठी कंपनीसुद्धा प्रोग्रॅमरांच्या हातातली भाषा एकदम काढून घेत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

भाषेने किती फरक पडतो, याचा मला माहीत असलेला सर्वांत बोलका प्रयोग २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांनी मांडला. त्यांनी ४०९६ गुणिले ४०९६ आकाराच्या दोन मॅट्रिक्सांचा (आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांचा) गुणाकार साध्या तीन लूपांनी केला. पायथॉनला सुमारे सात तास लागले, जावाला त्याच्या अकराव्या भागाइतका वेळ, आणि सी ला नऊ मिनिटे. म्हणजे पायथॉनहून सी ४७ पट वेगवान ठरली. येथवर ‘सीच घ्यावी’ म्हणणाऱ्यांचे बरोबर वाटते. पण पुढे त्यांनी सी भाषा तशीच ठेवून १८ कोअरांवर काम वाटले, डेटा प्रोसेसरच्या कॅशेत (त्याच्या जवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) बसेल असे तुकडे पाडले, एकाच वेळी अनेक आकड्यांवर चालणाऱ्या प्रोसेसरच्या व्हेक्टर आज्ञा वापरल्या, आणि वेळ ०.४१ सेकंदांवर आणला. भाषेने ४७ पट दिले, आणि यंत्राची जाण ठेवून केलेल्या कामाने त्यावर आणखी सुमारे १,३०० पट. हे दुसरे काम ज्यांनी आयुष्यभर केले, त्यांचे फळ नमपायमागच्या गणिती ग्रंथालयांत तयार मिळते. त्यामुळे पायथॉनमध्ये ते ग्रंथालय वापरणारा मुलगा सी मध्ये साधे तीन लूप लिहिणाऱ्यापेक्षा पुष्कळ पुढे जातो.

एक मर्यादा मात्र आधीच मोजून ठेवावी. जीन अ‍ॅमडाल या संगणक अभियंत्यांनी १९६७ मध्ये समांतर संगणनाविषयी (एकच काम अनेक प्रोसेसरांवर वाटण्याविषयी) मांडलेला विचार येथे तंतोतंत लागू पडतो. एकूण वेळातला ८० टक्के वेळ ज्या भागात जातो तो भाग आपण शून्य सेकंदांवर आणला, तरी उरलेले २० टक्के तसेच राहतात आणि संपूर्ण प्रोग्रॅम पाचपटींहून अधिक वेगवान होऊ शकत नाही. निम्माच वेळ त्या भागात जात असेल, तर दुपटीवर समाधान मानावे लागते. पुनर्लेखनाचा प्रस्ताव मांडणाऱ्याकडून हा आकडा आधी मागावा.

माणसाचे तास कसे मोजावेत

वेग मोजायला घड्याळ आहे. प्रोग्रॅमरची उत्पादकता मोजणे अवघड आहे, आणि अवघड आहे म्हणून ती हिशेबातून गळते. लुट्झ प्रेशेल्ट या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच कामासाठी वेगवेगळ्या माणसांनी सात भाषांत लिहिलेले ८० प्रोग्रॅम तपासले होते. पर्ल, पायथॉन, रेक्स आणि टीसीएल यांत प्रोग्रॅम लिहायला सी, सी++ आणि जावाच्या मानाने साधारण निम्मा वेळ लागला, आणि त्यांची लांबीही निम्मीच होती. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: एकाच भाषेत लिहिणाऱ्या दोन माणसांतला फरक हा भाषाभाषांतल्या फरकापेक्षा मोठा निघाला. ज्याचा हात जावावर दहा वर्षे बसला आहे, त्याला ‘पायथॉनमध्ये निम्मा वेळ लागतो’ असे सांगून भाषा बदलायला लावली, तर पहिले सहा महिने उलटाच अनुभव येतो.

वेग आणि सोय यांचा हा वाद संगणकाइतकाच जुना आहे. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने फोर्ट्रान तयार केली, तेव्हा हाताने लिहिलेल्या असेंब्लीपेक्षा (प्रोसेसरच्या आज्ञांच्या अगदी जवळच्या भाषेपेक्षा) ती फार मंद निघाली तर तिला कोणी हात लावणार नाही, ही त्यांची मोठी धास्ती होती, म्हणून १९५७ मध्ये बाहेर आलेल्या त्या पहिल्या कंपायलरमध्ये (प्रोग्रॅम यंत्रभाषेत उतरवणाऱ्या साधनामध्ये) निघणारा कोड वेगवान व्हावा यासाठी त्यांनी विलक्षण कष्ट घेतले.

तास मोजताना फक्त लिहिण्याचे तास धरू नयेत. आमच्या अनुभवात प्रोग्रॅमच्या आयुष्यातला मोठा वेळ नंतरच्या बदलांत जातो: दरपत्रक बदलते, जीएसटीचा नमुना बदलतो, संस्थेला नवीन रकाना हवा असतो. म्हणून प्रत्येक भाषेसमोर, नेहमीसारखा एक बदल करून, तपासून ग्राहकाकडे पोहोचवायला किती तास लागतात, हे लिहावे. पोहोचवण्याचा भागही विसरू नये. पायथॉनचा प्रोग्रॅम वीस कार्यालयांतल्या वीस प्रकारच्या विंडोज संगणकांवर बसवताना, कुठे जुनी आवृत्ती आणि कुठे न सापडणारे पॅकेज यांत जाणारे दिवस आम्ही सोसले आहेत. गो भाषेची एकच तयार फाइल कॉपी करून काम भागते, हा उत्पादकतेचाच फायदा आहे आणि तो वेगाच्या तक्त्यात दिसत नाही. चुका शोधण्याचेही तसेच. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते, की त्यांच्या उत्पादनांतल्या दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षाविषयक दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या हाताळणीतून येतात. सी आणि सी++ मध्ये मिळणाऱ्या वेगाची ही किंमत आहे. रस्ट ती किंमत शिकण्याच्या आणि कंपायलरशी झगडण्याच्या तासांत आधीच वसूल करते, आणि ज्या कामात चूक महागात पडते तेथे हा सौदा मला परवडणारा वाटतो.

कोल्हापुरात आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो, तो म्हणजे माणसांचा. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून मुले सी, जावा आणि पायथॉन शिकून बाहेर पडतात, आणि त्यांतली बरीच दोन-तीन वर्षांत पुण्याला किंवा बंगळूरला जातात. एकट्या हुशार सहकाऱ्याच्या आवडीची भाषा घेऊन महत्त्वाचा प्रोग्रॅम लिहिला आणि तो सहकारी गेला, तर नव्या मुलाला ती भाषा शिकवण्याचे महिने कोणाच्याही अंदाजपत्रकात नसतात. मी आता प्रत्येक भाषेसमोर ‘आज ही भाषा जाणणारी माणसे आपल्याकडे किती, आणि एक गेला तर दुसरा किती दिवसांत मिळेल’ हा रकाना न चुकता भरतो.

सुरुवातीपासूनच वेगवान भाषा कधी घ्यावी

काही कामांत हा सगळा हिशेब करण्याची गरज नसते. शेतातल्या मोटारीचा मोबाइल स्टार्टर अर्डुइनो उनो आर३ सारख्या छोट्या बोर्डावर करायचा, तर हातात फक्त दोन किलोबाइट कामाची मेमरी आणि १६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर असतो. तेथे सी किंवा सी++ हेच उत्तर. ज्या ठिकाणी सरासरी वेगापेक्षा एखाद्या वेळचा उशीर घातक ठरतो, तेथेही सावध राहावे. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपच्या कंपनीने संदेश वाचल्याच्या नोंदी ठेवणारी आपली एक सेवा गो भाषेतून रस्टमध्ये नेली आणि त्याची कारणे २०२० मध्ये मांडली. गो ही काही मंद भाषा नाही, पण तिचा कचरा-संग्राहक (वापरून झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) निदान दर दोन मिनिटांनी चालतोच, आणि त्या सेवेत मेमरीत असलेल्या प्रचंड नोंदींमुळे प्रत्येक वेळी प्रतिसादाला उशीर होत होता. मोठ्या प्रमाणावर सर्व्हर चालवणाऱ्यांचा हिशेबही वेगळा असतो. ज्याच्याकडे एकच सर्व्हर आहे त्याने दहा टक्के वेग वाढवला तर भाड्यात काही फरक पडत नाही, पण ज्याच्याकडे एक हजार आहेत त्याचे सुमारे नव्वद सर्व्हर वाचतात.

आणि पायथॉन किंवा सी, अशी दोनच दारे आहेत असे मानू नये. मार्केट यार्डातील गुळाच्या सौद्याच्या नोंदी, साखर कारखान्याचे हिशेब, हजेरी आणि पगार अशा रोजच्या कामांना जावा, सी शार्प किंवा गो यांचा वेग पुरून उरतो, आणि प्रकारांची तपासणी कंपायलर करत असल्यामुळे पाच वर्षांनी नव्या माणसाला कोड हाती घेणे सोपे जाते.

तीन दिवसांची चाचणी

तरीही मन ठरत नसेल, तर वाद थांबवून चाचणी घ्यावी. प्रोग्रॅममधला सर्वांत कठीण छोटा भाग निवडावा. लॉगिनचा पडदा निवडू नये, कारण तो सर्वच भाषांत सारखा निघतो. दूध संस्थेच्या बाबतीत तो भाग म्हणजे दरपत्रक, मागील दराने काढलेल्या बिलातली दुरुस्ती आणि पैशांचे अचूक पूर्णांकन. हा भाग दोन्ही भाषांत, त्या त्या भाषेत सराव असलेल्या माणसाने, प्रत्येकी दोन दिवसांत लिहावा. बारा हजार खऱ्या नोंदी नावे काढून दोघांना द्याव्यात. लिहायला लागलेले तास, ग्राहकाच्या संगणकावर लागलेला वेळ, वापरलेली मेमरी आणि सापडलेल्या चुका टिपाव्यात. मग तिसऱ्या दिवशी दोघांचा कोड आपसांत बदलून एक नवीन मागणी द्यावी, उदाहरणार्थ म्हशीच्या दुधाला वेगळे दरपत्रक, आणि दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमध्ये ती बसवायला किती वेळ लागतो ते पाहावे. या तिसऱ्या दिवसाने आम्हाला पहिल्या दोन दिवसांपेक्षा जास्त शिकवले. आमच्या चाचणीत वेगवान ठरलेला प्रोग्रॅम बदलायला जड गेला होता, आणि त्याचे कारण भाषेत नसून लिहिणाऱ्याने वेगासाठी केलेल्या कसरतींत होते.

चाचणीत पैशांचा हिशेब दशांश प्रकारानेच करावा. साध्या फ्लोटिंग आकड्यांनी (ज्यांत अपूर्णांक बहुधा जवळपासच्या किमतीत साठवला जातो) वेग जास्त मिळतो, पण सहाशे उत्पादकांच्या बिलांत पैशा-पैशाचा फरक पडला, की बेरीज जुळवण्यात सचिवांची रात्र जाते.

निर्णयाचा कागद

शेवटी निर्णय एका कागदावर लिहून प्रकल्पाच्या कोडसोबतच ठेवावा. त्यात नगांचे तीन आकडे, मोजलेला वेळ, निवडलेली भाषा, नाकारलेली भाषा आणि नाकारण्याचे कारण असावे. त्याखाली फेरविचाराची अट आकड्यांत लिहावी. दूध संस्थेच्या प्रोग्रॅमच्या कागदावर आम्ही असे लिहिले आहे: पायथॉन ठेवावी, एका बिलाला ग्राहकाच्या संगणकावर दहा सेकंदांहून अधिक लागू लागले, किंवा हा प्रोग्रॅम वापरणाऱ्या संस्थांची संख्या दोनशेच्या वर गेली, तर आधी पुन्हा प्रोफाइल करावे, आणि वेळ प्रोसेसरवर जात असल्याचे दिसले तर फक्त बिलाचा भाग गो भाषेत वेगळा काढावा. खाली तारीख आहे आणि त्या दिवशी हजर असलेल्या तिघांच्या सह्या आहेत. त्या तिघांपैकी एक जण आता पुण्याला असतो, आणि त्याच्या जागी आलेल्या मुलीने पहिल्याच आठवड्यात ‘हे आपण गो मध्ये का लिहिले नाही?’ असे विचारले, तेव्हा तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला, संस्थांचा आजचा आकडा विचारला आणि प्रोफाइल चालवायला घेतले.